लाँगइयरब्येन ते बॅरो हवाई अंतर नक्की किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का येतो

प्रश्न असा आहे की उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन आणि अलास्काच्या टोकावरचं बॅरो, या दोन एअरपोर्टमधलं अंतर एका कॅल्क्युलेटरवर ३,३८० किमी येतं, दुसऱ्यावर ३,३९४, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर फूटपट्टी लावली तर जवळपास १९ हजार, आणि तिकीट शोधायला गेलं तर सगळे टप्पे मिळून पावणेबारा हजारांच्या वर जातं, मग यातलं खरं कुठलं. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे, म्हणजे विमानाचा रस्ता आणि इंधन ठरवणं हेच रोजचं काम, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतोय, वेळ असेल तर वाचा.

आधी सरळ उत्तर. फूटपट्टीचा आकडा सोडला तर बाकी सगळे बरोबर आहेत, प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे एवढंच. ३,३८० म्हणजे पृथ्वी एकदम गोल चेंडू धरून काढलेलं सर्वात जवळचं अंतर. ३,३९४ म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे हे धरून काढलेलं, जीपीएस जो डब्ल्यूजीएस-८४ नावाचा आकार वापरतं तोच. चपटी आहे म्हणजे अंतर कमी व्हायला पाहिजे असं वाटतं ना, पण होतं उलटं, कारण ध्रुवाजवळ पृष्ठभागाचा बाक सौम्य होतो आणि एक अंश अक्षांश चालायला जास्त जमीन लागते, विषुववृत्तापाशी साधारण ११०.६ किमी आणि ध्रुवापाशी १११.७. म्हणून उत्तरेकडच्या जोड्यांसाठी गोलाचं सूत्र जरा कमी आकडा देतं. १३-१४ किमीचा फरक, म्हणजे विमानाला एक मिनिट, त्यावर डोकं खाजवू नका.

आता फूटपट्टी. भिंतीवरचा तो नकाशा मर्केटरचा असतो, त्यात सगळी रेखावृत्तं समांतर उभी काढलेली असतात. प्रत्यक्षात ती मोसंबीच्या फोडींसारखी देठापाशी एकत्र येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी, मुंबईच्या अक्षांशावर १०५, बॅरोला साधारण ३६, लाँगइयरब्येनला फक्त २२.७ आणि ८९ अंशावर दोन किमीसुद्धा नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांपेक्षा थोडा जास्त फरक आहे, तेवढाच फरक लाँगइयरब्येनच्या अक्षांशावर घेतला तर १४० किमी होतात, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाण्याइतकं. या दोन एअरपोर्टच्या रेखांशात १७२ अंशांचा फरक आहे, म्हणजे ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर बसलेत दोघं, आणि नकाशा मात्र त्यांना कागदाच्या दोन कडांना नेऊन ठेवतो. त्या नकाशावरची सरळ रेघ खरोखर धरून उडालात, म्हणजे होकायंत्राची एकच खरी दिशा शेवटपर्यंत पकडून, तर साधारण ५,००० किमी उडाल, म्हणजे उगाच सोळाशे किमी जास्त. १९ हजार हा आकडा तर विषुववृत्ताचं स्केल आर्क्टिकला लावल्यामुळे आला, तो कुठल्याच मार्गाचा नाहीये.

स्वतः गणित करून बघायचं असेल तर एक्सेल पुरेसं आहे. लाँगइयरब्येन ७८.२४६१ उत्तर, १५.४६५६ पूर्व. बॅरो ७१.२८५४ उत्तर, १५६.७६६ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.९२७३ येतो. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणलं की वजा ०.०६४८. बेरीज ०.८६२५, त्याचा उलटा कोसाइन ३०.४ अंश, गुणिले १११.२, झाले ३,३८०. एक्सेलला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात, ते विसरलात तर आकडा असा काही येईल की लगेच कळेल काहीतरी घोटाळा आहे.

पण सगळे घोटाळे असे ओरडून सांगत नाहीत, आणि उत्तरेकडे हीच खरी गंमत आहे. समजा बॅरोच्या रेखांशापुढचं वजा चिन्ह टाकायचं राहिलं, पश्चिमेऐवजी पूर्व झालं, म्हणजे तुम्ही बॅरोला उचलून सायबेरियाच्या उत्तरेच्या समुद्रात टाकलंत. उत्तर किती येतं? ३,२०३. फरक फक्त १७७ किमी, कोणालाही संशय येणार नाही असा आकडा. हीच चूक मुंबई–न्यूयॉर्कला करून बघा, न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिमऐवजी पूर्व झालं की ते मुंबईच्या बरोब्बर वर किर्गिझस्तानात जाऊन बसतं आणि साडेबारा हजारांचे २,४०० होतात, शेंबडं पोरगंही म्हणेल काहीतरी चुकलंय. ध्रुवाच्या पलीकडे मात्र अलास्का काय आणि सायबेरिया काय, दोन्ही समोरच्याच बाजूला, त्यामुळे रेखांशाची चूक झाकली जाते. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे अंश-मिनिटं-सेकंद तसेच दशांश म्हणून टाइप करणं. लाँगइयरब्येनचा अक्षांश ७८ अंश १४ मिनिटं ४६ सेकंद आहे, लोक ७८.१४४६ टाकतात, मिनिटं साठाची असतात हे विसरून, झाला अकरा किमीचा फरक.

म्हणून ध्रुवाच्या दोन बाजूंचे एअरपोर्ट असले की मी आधी तोंडी हिशेब करतो आणि मग सॉफ्टवेअर काय म्हणतंय ते बघतो. दोन्ही ठिकाणं ध्रुवापासून किती अंश लांब आहेत त्याची बेरीज करायची, इथे ११.७५ आणि १८.७१, मिळून ३०.४६ च्या आसपास, म्हणजे ३,३८८ किमी. ठीक ध्रुवावरून गेलात तर एवढं लागतं, आणि सर्वात जवळचा रस्ता यापेक्षा जास्त असूच शकत नाही. आपला आकडा ३,३८०, म्हणजे ध्रुव टाळून फक्त आठ किमी वाचले. आणि तरीही हा रस्ता ध्रुवापासून तब्बल ११० किमी लांबून जातो, साधारण ८९ अंश उत्तर आणि ७० पश्चिमेच्या जवळून. ११० किमी बाजूने जाऊन आठच किमीची बचत, हे पचायला जड जातं पण कागदावर काढून बघा, बरोबर आहे.

त्याहून विचित्र प्रकार दिशेचा. लाँगइयरब्येनहून निघताना कोर्स, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली विमानाची दिशा, ३५५ अंश, म्हणजे जवळपास सरळ उत्तर. बॅरोला पोचताना कोर्स १८३, म्हणजे जवळपास सरळ दक्षिण. आणि मध्ये विमान कुठेही वळलेलं नाहीये! ते आपलं सरळच जातंय, त्याच्याखाली उत्तर दिशा फिरली. ध्रुवाच्या जवळून जाताना तर वीसेक मिनिटांत कोर्सचा आकडा शंभराहून जास्त अंश सरकतो. म्हणून तिकडे नेहमीची उत्तर सोडून ग्रिड नॉर्थ वापरायची पद्धत आहे, एक रेखावृत्त ठरवायचं आणि सगळ्या दिशा त्याला समांतर मोजायच्या. आताची विमानं इनर्शियल (स्वतःची हालचाल मोजून जागा काढणारी यंत्रणा) आणि जीपीएसवर हे स्वतः सांभाळतात पण वैमानिकाला हेडिंग मॅग्नेटिकवरून (होकायंत्राची उत्तर) ट्रूवर (नकाशाची खरी उत्तर) न्यावं लागतं किंवा सिस्टिम आपोआप नेते, कारण होकायंत्राचा त्या भागात भरवसा नाही. चुंबकीय ध्रुव वेगळाच, तो १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसला कॅनडाच्या बूथिया द्वीपकल्पावर सापडला होता आणि आता ध्रुवाच्या बाजूने निघून सायबेरियाकडे सरकतोय.

हे सगळं कोणी उडून दाखवलंय का, तर हो, आणि तेही १९२८ मध्ये. ह्यूबर्ट विल्किन्स हा ऑस्ट्रेलियन नॅव्हिगेटर आणि कार्ल बेन आयेल्सन हा अमेरिकन वैमानिक १५ एप्रिल १९२८ ला पॉइंट बॅरोहून एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगातून निघाले, स्वालबार्डच्या दिशेने. मुद्दाम ध्रुव टाळून कॅनडाच्या बाजूने गेले, कारण त्या बाजूला कुठे जमीन दडलीये का ते बघायचं होतं. साधारण २,२०० मैल, म्हणजे साडेतीन हजार किमी, उडण्याचा वेळ वीस तासांच्या थोडा वर. शेवटी वादळात सापडून एका निर्मनुष्य बेटावर उतरले, पाच दिवस अडकले आणि मग ग्रीन हार्बरला पोचले. आपला सर्वात जवळचा ३,३८० आणि त्यांचा साडेतीन हजार, म्हणजे वाकडी वाट धरूनही फार जास्त नाही. मला स्वतःला ध्रुवावरच्या झेंड्यांपेक्षा हे उड्डाण मोठं वाटतं, होकायंत्र भरकटतंय, खाली बर्फाशिवाय खूण नाही आणि विल्किन्स सूर्याच्या कोनावरून दर थोड्या वेळाने नवा कोर्स काढून पुढे देतोय. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९२६ मध्ये, अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं नोर्गे हे एअरशिप उलट दिशेने गेलं होतं, स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडहून ध्रुवावरून अलास्कातल्या टेलरला. ज्या खांबाला ते बांधलं होतं तो अजून तिथे उभा आहे.

न्यू-ऑलेसुंड म्हटलं की आपला संबंध येतो, भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र त्याच गावात आहे, २००८ पासून, आणि ते चालवते गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. गोव्याहून जाणारे शास्त्रज्ञ ऑस्लोमार्गे लाँगइयरब्येनला येतात आणि तिथून छोट्या विमानाने पुढे, तो शेवटचा टप्पा जेमतेम ११० किमीचा. दाबोळी ते लाँगइयरब्येन सरळ अंतर सुमारे ७,६४० किमी.

आता कामाची बाजू. ३,३९४ किमी म्हणजे १,८३० नॉटिकल माइलच्या जरा वर, आजकालचं कुठलंही बोइंग ७३७ एवढं आरामात जातं. पण आम्ही फ्लाइट प्लॅन करताना हा आकडा नुसता सुरुवातीला घेतो. निघताना रनवेच्या दिशेने निघावं लागतं, लाँगइयरब्येनचा रनवे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, कडेने पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे उत्तरेला वळण्यात काही मैल गेले, उतरतानाही तेच. मग वारा. समजा विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट (म्हणजे ताशी ४५० नॉटिकल माइल) आणि सरासरी ४० नॉटचा वारा समोरून, तर जमिनीवरचे १,८३० नॉटिकल माइल कापायला जवळपास साडेचार तास लागतात आणि तेवढ्या वेळात विमान हवेतून २,००० नॉटिकल माइल चाललेलं असतं. इंधन या २,००० वर जळतं, १,८३० वर नाही. त्यामुळे आमच्या शीटवर जमिनीचं अंतर आणि हवेतलं अंतर असे दोन कॉलम शेजारी शेजारी असतात, आणि मला विचारलं तर मी दुसरा आधी बघतो.

नियमांचा भाग याहून जड आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत कुठल्यातरी एअरपोर्टला पोचता आलं पाहिजे, खास परवानगी नसेल तर ६० मिनिटं, परवानगीने १२०, १८० किंवा जास्त. या रस्त्याचा मध्य दोन्ही टोकांपासून १,७०० किमीच्या आसपास, एका इंजिनावर ७४० किमी ताशी धरलं तर दोन तास सतरा-अठरा मिनिटं. म्हणजे १२० मिनिटांची परवानगी पुरत नाही, १८० ची पाहिजे. मध्ये काय आहे? रस्त्यापासून सातशेएक किमीवर कॅनडाचं अलर्ट आहे, पण ते लष्करी ठाणं आणि खडीचा रनवे, तिथे शे-दीडशे प्रवासी घेऊन उतरायचा प्लॅन कोणी हौसेने करत नाही. रस्ता कॅनडाच्या बाजूने जातो म्हणून रशियन हवाई हद्दीची भानगड मात्र येत नाही.

अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए, तिच्या हिशेबात ७८ अंशांच्या उत्तरेचा सगळा भाग ध्रुवीय क्षेत्र आहे. लाँगइयरब्येन ७८.२५ वर आहे, म्हणजे तिथला टर्मिनलच त्या रेषेच्या आत! त्या क्षेत्रातून उडायला अमेरिकन कंपनीला वेगळी मंजुरी लागते, त्यात कुठे वळवणार, वळवल्यावर प्रवाशांना तिथून सोडवून कसं आणणार, संपर्क कसा ठेवणार, सौरवादळ आलं तर काय, हे सगळं लिहून द्यावं लागतं, आणि विमानात कडाक्याच्या थंडीत घालायचे किमान दोन सूटही लागतात. संपर्काचा प्रश्न खरा आहे, विषुववृत्तावर टांगलेले सॅटेलाइट ८२ अंशांच्या पुढे क्षितिजाखाली जातात, मग एचएफ म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ किंवा ध्रुवावरून फिरणारे इरिडियमचे सॅटेलाइट. आणि सौरवादळात नेमका एचएफच बसतो. इंधनाचंही बघावं लागतं, जेट ए उणे ४० ला गोठायला लागतं आणि जेट ए-१ उणे ४७ ला, टाकीतलं तापमान त्या मर्यादेच्या तीन अंश जवळ आलं की वेग वाढवायचा किंवा उबदार थरात जायचं, आणि दोन्हीत इंधन जास्त जातं.

हे जमत नाही असं अजिबात नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या महिला क्रूने एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, सुमारे १४ हजार किमी. पण ते बोइंग ७७७ हे मोठं विमान आणि दोन्ही टोकांना भरपूर प्रवासी. इकडे लाँगइयरब्येनची वस्ती अडीच हजारांची आणि बॅरोची पाच हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडचं एखादं गाव. या दोन गावांमध्ये रोज कोण कशाला जाईल? तेव्हा थेट विमान नाही, नजीकच्या काळात होईलसंही मला वाटत नाही.

त्यामुळे तिकिटाचा आकडा. लाँगइयरब्येन–ऑस्लो २,०१३, ऑस्लो–फ्रँकफर्ट १,१४०, फ्रँकफर्ट–अँकरेज ७,५००, अँकरेज–बॅरो १,१६४, एकूण ११,८०० च्या वर, सरळ अंतराच्या साडेतीन पट. आणि हा त्यातल्या त्यात बरा रस्ता आहे, फ्रँकफर्ट–अँकरेज थेट विमान उन्हाळ्याच्या सीझनचं असतं, बाकीच्या वेळी सिएटलमार्गे अजून लांब. मधले थांबे धरून दीड दिवस सहज जातो.

एक्सेल शीटमध्ये एकच आकडा लिहायचा असेल तर ३,३९४ लिहा आणि बाजूला डब्ल्यूजीएस-८४ असं नोंदवा म्हणजे नंतर कोणी वाद घालणार नाही. शोधताना दोन्ही नावं टाका, बॅरो शहराचं नाव २०१६ पासून उटकियाग्विक आहे पण एअरपोर्टचा कोड जुनाच, बीआरडब्ल्यू, आणि एअरपोर्टचं नाव तिसरंच, वायली पोस्ट–विल रॉजर्स मेमोरियल, १९३५ मध्ये जवळच विमान पडून गेलेल्या दोघांवरून. वेळेत दहा तासांचा फरक आहे, म्हणजे थेट विमान असतं तर दुपारी बाराला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोचला असतात, शीटमध्ये वेळेचा कॉलम असेल तर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळच ठेवा. आणि खरंच जायचा विचार असेल तर भारतीय पासपोर्टवर एक लक्षात ठेवा, स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एका व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, ऑस्लोहून तिथे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत ऑस्लोला आलात की दुसरी एंट्री, त्यामुळे सिंगल एंट्रीचा व्हिसा घेतलात तर परतीच्या वाटेवर अडकाल, डबल किंवा मल्टिपलच मागा, अमेरिकेचा व्हिसा अर्थातच वेगळा.